शंखी गोगलगायीची गोळी: पाच महिने वापरल्यावर, आणि ती पिशवी

मेटाल्डिहाइड २.५ टक्के, म्हणजे गोगलगाय मारायचं विषारी आमिष, एक किलोची पिशवी. जून ते ऑक्टोबर, वाळवा तालुका, उसाला लागून सोयाबीन. जूनमध्ये 'पैसे पाण्यात' म्हणून दोन स्टार दिले होते. गोळीपुरतं ते मागे घेतो. पिशवी पुन्हा बंद होत नाही ही तक्रार मात्र कायम.

गोळीचा खाक्या असा: कोंड्याच्या वासावर गोगलगाय येते, खाते, अंगातला चिकटा ओतून टाकते आणि सुकून मरते. सुकली तरच मरते. रात्री सर आली की तीच बया पाणी शोषून पहाटे चालायला लागते. जूनमध्ये गोळी पावसाच्या तोंडावर पडली, चूक तिथेच झाली. जमीन ओली (म्हणजे गोगलगाय बाहेर पडते), आभाळ उघडं, वेळ दिवस मावळतीची आणि त्या रात्री शेताला पाणी नाही, एवढं जुळलं की सकाळी बांधावर चकचकीत रेघा आणि रेघांच्या टोकाला आडवे शंख. आडवे दिसले म्हणून सोडू नयेत, वेचावेतच.

एकरी दोन किलो पुरे. फेकून पसरायची, ढीग घालायचा नाही. ढिगाला कुत्रं तोंड लावतं आणि या विषावर हुकमी उतारा नाही. खाल्ल्याची शंका आली तरी लगेच जनावरांचा डॉक्टर गाठावा.

आता पिशवी. झिप नाही, कोपरा कापला की कायमची उघडी. अंड्यांवर गोळी चालत नाही. बांधाच्या भुसभुशीत मातीत साबुदाण्याएवढी पिवळट अंडी, एका खेपेला शंभर-दोनशे. म्हणून बारा-पंधरा दिवसांनी दुसरा हात लागतोच. तोवर उरलेली गोळी पावसाळी हवेत फुगते, बुरशी धरते, भुगा होतो. रबरबँडने काही होत नाही. आणि ही गोगलगाय बघा! कोरडं पडलं की शंखाच्या तोंडावर आपल्याच चिकट्याचा पांढरा पापुद्रा ओढून महिनोन्‌महिने ओल धरून आत बसते. पोटात पाय असलेल्या जिवाला झाकण जमतं, कंपनीला जमत नाही. अख्खी पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून वर 'विष' लिहावं आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

ऑगस्टपासून मत आणखी बदललं, कारण गोणपाट. एक किलो गूळ दहा लिटर पाण्यात, त्यात पोती भिजवून संध्याकाळी बांधाकडेने आणि पाचटाच्या कडेला अंथरायची. उजाडायच्या आत उलटली की खाली संमेलन भरलेलं. हातमोजे घालूनच वेचावं, या गोगलगायींत माणसाला बाधणारे जंत असतात. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकून, मेल्यावर खड्ड्यात चुना घालून पुरावं. मीठ रानात फेकणाऱ्यांना हात जोडून विनंती, जमीन तुमचीच आहे. पोत्यांमुळे गोळी फक्त कडेच्या पट्ट्यात लागते, खर्च निम्म्यावर येतो.

या गोगलगायी मुळात पाहुण्या. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने त्या मॉरिशसहून कलकत्त्याला आणल्या आणि तिथल्या बागेत सोडल्या गेल्या. येताना झाकण लावूनच आल्या असणार.

जूनला पुन्हा घ्यायची झाली तर अर्ध्या किलोच्या पिशव्या मिळतात का ते आधी विचारा. किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. एका संध्याकाळीच संपली तर फुगायला उरणार काय.