चालू डेबियन रेड १ वर हलवायचंय? एमडीअ‍ॅडम बिनधास्त वापरा

मी ज्या सीएंच्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघतो तिथला फाइल सर्व्हर डेबियन १२ या लिनक्सवर आहे, सगळा कारभार एकाच एसएसडीवर, आणि ऐन मार्च एन्डला ती उडाली तर काय हे टेन्शन कायम डोक्यावर. नवीन इन्स्टॉल करायचं तर सांबा (विंडोज मशीनला फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर), युजर, परमिशन, प्रिंटर सगळं परत बसवत बसा, म्हणून आहे तीच सिस्टीम उचलून रेड १ वर (म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा जसाच्या तसा) न्यायची ठरवलं, एमडीअ‍ॅडम वापरून. लिनक्सवर रेड बनवायचं हे टूल फुकट आहे आणि या कामाला याच्याइतकं भरवशाचं टूल मी दुसरं बघितलेलं नाही.

सगळ्यात भारी म्हणजे यात अर्धा अ‍ॅरे (म्हणजे रेडमधल्या डिस्कचा गट) बनवता येतो. दोन डिस्कचा रेड १ बनव म्हणायचं आणि एका डिस्कच्या जागी सरळ मिसिंग लिहायचं, की नवी डिस्क एकटीच अ‍ॅरेत जाते, जुनीला हातसुद्धा लागत नाही. मग लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) बूट करून आरसिंक या टूलने सगळं कॉपी (हार्डलिंक आणि एसीएल, म्हणजे फाइलवरच्या जादा परमिशन, यांचे ऑप्शन नक्की द्या, नाहीतर परमिशनची वाट लागते), एफस्टॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) पार्टिशनचे नवे ओळख नंबर म्हणजे यूयूआयडी, मग ग्रब (सिस्टीम सुरू करणारा बूटलोडर), आणि नव्या डिस्कवरून बूट. सगळं नीट चालतंय याची खात्री पटली की मगच जुनी डिस्क अ‍ॅरेत घालायची. तोपर्यंत काही बिनसलं तरी जुनी सिस्टीम जशीच्या तशी तयार, हा केवढा मोठा आधार आहे! पार्टिशन मात्र पूर्ण डिस्कभर करू नका, थोडी जागा सोडा, कारण दोन कंपन्यांच्या १ टीबी डिस्क अगदी सारख्या मापाच्या असतीलच असं नाही, आणि एखादी जराशी लहान निघाली तर ती अ‍ॅरेत बसतच नाही.

जुनी डिस्क घातली की रेडची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाइल बघत बसा, आधी एक यू (चालू डिस्क) आणि पुढे रेघ (तयार नसलेली डिस्क) दिसते, रिकव्हरीचे टक्के चढत जातात आणि शेवटी दोन्ही यू येतात. स्पीड कमी वाटला तर स्पीड लिमिट मॅक्स वाढवा, डीफॉल्टला तो सेकंदाला २,००,००० केबीवरच अडवलेला असतो. अ‍ॅरेची माहिती एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाइलमध्ये टाकून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टीम) अपडेट करायचं विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर एमडी० या नावाचा एमडी१२७ झालेला दिसू शकतो.

एक स्टार कापतोय तो ईएफआय पार्टिशनसाठी, म्हणजे मशीन बूट करायच्या फाइल जिथे असतात त्यासाठी. फर्मवेअरला (बोर्डाच्या बायोसला) रेड कळत नाही, त्याला साधं फॅट पार्टिशन लागतं, म्हणून बरेच जण मेटाडेटा (रेडची स्वतःची नोंद) १.० वापरून तेही मिरर करतात कारण तो मेटाडेटा पार्टिशनच्या शेवटी जातो. चालतं ते, पण फर्मवेअरने एकाच डिस्कवर काही लिहिलं तर दोन्हीत फरक पडतो, त्यामुळे मला दोन वेगळी पार्टिशन ठेवून ग्रब अपडेट झाला की दुसऱ्यावर कॉपी मारणंच बरं वाटतं. हे काम हातानेच करावं लागतं आणि नवख्या माणसाला कोणी आधी सांगत नाही.

तरी बोर्डाच्या बायोसमधल्या रेडपेक्षा हे शंभर टक्के चांगलं. उद्या बोर्ड गेला तर डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, अ‍ॅरे जागा होतो, तसाच बोर्ड शोधत फिरावं लागत नाही.

टेस्ट केल्याशिवाय मशीन परत देऊ नका. बंद करून एक डिस्क काढा, बूट होतंय का बघा, ती परत जोडून अ‍ॅरेत घाला, सिंक पूर्ण होऊ द्या, मगच दुसरी काढा. सिंक व्हायच्या आधी दोन्ही डिस्क आलटून पालटून एकेकटी चालवली तर दोन वेगळ्या सिस्टीम तयार होतात आणि मग खरी कोणती ते ठरवणं अवघड जातं. आणि बॅकअप वेगळा हवाच हवा, कोणी टॅलीचा फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून एकदमच जाणार. मेल अलर्टही चालू करा, एक डिस्क मेली तरी सर्व्हर गुपचूप चालत राहतो आणि ऑफिसात कोणाला पत्ताच लागत नाही.