एटिमऑनलाइन: शब्दांची कुंडली बघायची तर इथेच

'ओके' आला कुठून, असं कुणी विचारलं तर बिनधास्त इंग्रजी शब्दांचं मूळ सांगणारी ही साइट उघडा. फुकट आहे, डग्लस हार्पर यांनी उभी केलीय. 1839 च्या सुमारास बॉस्टनच्या पेपरांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याचे शॉर्टफॉर्म छापायचं फॅड होतं, 'ऑल करेक्ट'चं वाकडं स्पेलिंग ओ आणि के ने सुरू होणारं म्हणून ओके, बाकीचे शॉर्टफॉर्म कधीच गायब झाले पण हा टिकला कारण 1840 च्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार व्हॅन ब्युरेनच्या माणसांनी तोच उचलला, साहेबांचं टोपणनावच गावावरून 'ओल्ड किंडरहूक' ना! एवढं सगळं छोट्याशा नोंदीत, भारीच. रोजच्या वापराची वाक्यं मात्र फारशी मिळत नाहीत, त्यासाठी दुसरी डिक्शनरी लागतेच. तरी माझ्याकडून पाच स्टार, कॉलेजच्या पोरांनी तर वापराच.