लाकडी युनिट ब्लॉक्स, वापरून झाल्यावरचं माझं मत

लहान मुलासाठी लाकडी ठोकळे घ्यावेत का असं विचारत असाल तर आधीच सांगते, घ्या. ना रंग ना लाईट ना बॅटरी, नुसतं गुळगुळीत घासलेलं लाकूड, आणि तरी आमच्याकडे दिवसभर जमिनीवर पसरलेलं असतं ते हेच.

यात सगळं महत्त्व मापाला आहे. दोन चौकोनी ठोकळे जोडले की एक युनिट होतं, दोन युनिटचा एक डबल आणि दोन डबलचा तो सगळ्यात लांबडा. हे माप कॅरोलाइन प्रॅट नावाच्या शिक्षिकेने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बसवलं. माझ्या तीन वर्षांच्या मुलाला अर्धा, दुप्पट असलं काही कुणी शिकवलेलं नाही पण लांबडे संपले की तो बरोब्बर दोन डबल आणून त्या जागेत बसवतो आणि ते चपखल बसले की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. म्हणूनच घेताना सगळ्यात आधी कटिंग बघा, ठोकळे मापात जरा जरी कमीजास्त असले तर हा सगळा खेळच बिघडतो.

सुरुवातीला मूल काही बांधत नाही, ठोकळे नुसते इकडून तिकडे नेत असतं, तेव्हा पैसे वाया गेले असं समजू नका प्लीज. मग एकावर एक रचणं येतं, मग दोन ठोकळे उभे करून वर आडवा टाकायचा पूल, मग चारी बाजूंनी कुंपण, आणि घर, गॅरेज अशी नावं द्यायला तर बऱ्याच नंतर लागतात. पुलावर आमचा मुलगा खूप दिवस अडकला होता, खांब लांब ठेवायचा आणि वरचा ठोकळा पडायचा, परत ठेवायचा, परत पडायचा, आणि मला सारखं वाटायचं की आपणच खांब सरकवून द्यावा. नाही सरकवला ते फार बरं झालं कारण अंतराचा अंदाज त्याला त्या पडण्यातूनच आला.

बोलणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या खेळण्यांबद्दलही सांगते. २०१६ मध्ये १० ते १६ महिन्यांच्या बाळांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना आईबाबा बाळाशी कमी बोलत होते, पुस्तकं किंवा साधी खेळणी असताना जास्त. अभ्यास छोटा होता, पण मला पटतो, कारण ठोकळे गप्प असतात त्यामुळे बोलणं आपल्यालाच करावं लागतं, "हा वर ठेवायचा का, पडेल का रे," असं काहीबाही चालूच असतं.

आता तक्रारी. बॉक्समध्ये डिझाइनची कार्डं येतात ती मी सरळ बाजूला काढली, कार्ड समोर असलं की मूल स्वतःचं सोडून त्याचीच नक्कल करत बसतं. सोबतची कापडी पिशवी निरुपयोगी, ओतल्याशिवाय काही सापडत नाही, बुटक्या उघड्या कपाटात आकारानुसार लावा म्हणजे पाहिजे तो मूल स्वतः घेतं. लांबडे चांगलेच जड आहेत, फेकाफेकीच्या वयात ते वर ठेवा. आणि तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर तोंडात जाईल असा एकही छोटा तुकडा सेटमध्ये नको.

छोटा सेट मात्र घेऊ नका, बांधकाम अर्ध्यावर आलं की ठोकळे संपतात, आणि घरात दोन मुलं असतील तर मोठाच घ्या, लांबडे दोघांनाही एकाच वेळी लागतात.