क्रीडा-दुखापतींचा शल्यचिकित्सक की क्रीडावैद्यकाचा तज्ज्ञ?

खेळाडूंवरच उपचार करायचे असे ठरवून पुण्यात नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या एमबीबीएस डॉक्टरांपुढे दोन वाटा असतात: अस्थिरोगात तीन वर्षांचे एमएस आणि त्यानंतर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप, किंवा क्रीडावैद्यकात तीन वर्षांचे एमडी. रुग्ण दोन्हीकडे तोच असतो. तो कोणत्या टप्प्यावर आणि किती काळ आपल्या हाती राहतो, यावरून निवड करावी, असे माझे मत आहे.

चढाईला गेलेला कबड्डीपटू मॅटवर पाय रोवून अंग वळवतो, गुडघा आत मुडपतो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. एसीएल हे गुडघा स्थिर ठेवणारे लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) तुटल्याची शंका दोन्ही डॉक्टरांना सारखीच येते, कारण गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी दोघांच्याही हातात बसलेली असते. मांडीच्या मागच्या किंवा वाटीखालच्या कंडरेचा पट्टा घेऊन, हाडांत बोगदे पाडून नवे लिगामेंट बसवण्याचे काम मात्र शल्यचिकित्सकाचेच. ज्याला ही कारागिरी मनापासून हवी आहे, त्याची ओढ एमडी करून भागणार नाही.

तरीही शस्त्रक्रिया दोनएक तासांत आटोपते आणि पुनर्वसन किमान नऊ महिने चालते. बसवलेला पट्टा पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे दुखणे थांबून खेळाडूला अगदी बरे वाटू लागते नेमके तेव्हाच, बराच कमकुवत असतो. बालेवाडीतल्या स्पर्धेची तारीख पुढे करून प्रशिक्षक आणि वडील समोर बसलेले असताना, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आलेली नाही म्हणून परवानगी नाकारणे हे फार मोठे काम आहे आणि त्याचे मोल आपल्याकडे अजून पुरेसे ओळखले जात नाही, याचे मला वाईट वाटते. शिवाय ताणलेले स्नायू, नडगीचे दुखणे, हाडाला अतिसरावाने गेलेली बारीक चीर, अपुऱ्या आहाराने थांबलेली मासिक पाळी अशा बहुतेक तक्रारींत सुरीची गरजच पडत नाही. तेथे क्रीडावैद्यकाचा तज्ज्ञ अधिक उपयोगी ठरतो.

पोटापाण्याच्या बाबतीत एमएसचे पारडे जड आहे: खेळाडू आले नाहीत तरी अपघाताचे आणि वयस्कर रुग्ण येतच राहतात, मात्र त्याबरोबर रात्री-अपरात्रीचे फोनही येतात. क्रीडावैद्यकाच्या जागा देशभरात मोजक्याच आहेत. पुण्यात एएफएमसी या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे, पण तेथे लष्करी सेवेतील डॉक्टरांना प्राधान्य मिळते. पुढे संघ, क्रीडासंस्था किंवा स्वतःचे क्लिनिक यांवर भिस्त ठेवावी लागते आणि जम बसायला वेळ लागतो.

ज्यांचा कौल अजून होत नाही त्यांनी एमएस घ्यावे, कारण शल्यचिकित्सकाला पुनर्वसनाचे शास्त्र पुढेही शिकता येते, परंतु क्रीडावैद्यकातून शस्त्रक्रियेकडे वळायचे झाल्यास पुन्हा पहिल्यापासून एमएसच करावे लागते.