गरोदरपणातली डोकेदुखी: बाम, गोळी की गार पट्टी?

माझी दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही वेळा पहिले तीन-चार महिने मी डोकं धरून काढले. उलट्यांचं सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, पाय सुजण्याचंही. डोक्याचं कुणी बोललं नव्हतं. पहिल्या खेपेला मी बामवाली होते, दुसऱ्या खेपेला गार पट्टीवाली झाले, आणि गोळीशी माझं दोन्ही वेळा जमत-बिघडत राहिलं. आता धाकट्या जावेला दिवस गेलेत. परवा फोनवर म्हणाली, "ताई, बाम लावू, गोळी घेऊ का नुसती पडून राहू? प्रत्येक जण वेगळंच सांगतंय." फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

डोकं का दुखतं ते तुमच्या डॉक्टर मॅडम सांगतीलच. संप्रेरकं वरखाली होतात, अंगातलं रक्त वाढतं, झोप तुटते, उलट्यांनी पाणी जातं आणि पोट रिकामं राहिलं की कानशिलं ठणकायला लागतात. शेवटचं कारण आपल्याकडे जरा जास्तच, कारण संकष्टी सोडवत नाही. (मी सोडली. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या वाटची मी धरते." विषय संपला.) ज्यांना आधीपासून अर्धशिशी आहे, त्यांची बऱ्याचदा चौथ्या महिन्यापासून कमी होते. माझी झाली. सगळ्यांची होतेच असं नाही.

चहाचं मात्र थांबून सांगते, कारण पहिल्या खेपेची माझी निम्मी डोकेदुखी चहाची होती आणि ते कळायला आठवडा गेला. दिवसाला चार कप पिणारी मी, दुसऱ्या महिन्यात चहाचा वास नकोसा झाला म्हणून एका दिवसात बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं भणभणलं की उजेड सोसेना. कॅफिन अचानक तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि ते आठवडाभरही चालतं. जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईला रोजचं कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, बरेच डॉक्टर २०० च्या आत म्हणतात. आपल्या कपभर चहात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम भरतं. म्हणजे सकाळी एक, दुपारी एक कप घेतला तर फार काही बिघडत नाही. फक्त लोहाच्या गोळीपासून तो तास-दोन तास लांब ठेवा, नाहीतर गोळीतलं लोह अंगी लागत नाही.

आता बाम. त्याची बाजू आधी मांडते, नाहीतर पक्षपात होईल. तो पुढे होणार आहेच.

मराठी माणसाचं बामाशी नातं जुनं आहे. अमृतांजन १८९३ साली मुंबईतच सुरू झालं, आणि खंडाळ्याच्या घाटातला इंग्रजांच्या काळातला पूल वर्षानुवर्षं त्याच्या जाहिरातीच्या नावानं ओळखला गेला, २०२० मध्ये पाडला तेव्हासुद्धा. घरात कुणाचं डोकं दुखलं की पहिली हाक बामाच्या बाटलीला जाते. आणि बरं वाटतं, हे खोटं नाही. पुदिन्याचा अर्क कातडीला गारवा दाखवतो, दुखण्यावरचं लक्ष उडतं. शिवाय बाम स्वतःचा स्वतः कुणी लावत नाही. कुणीतरी उशाशी बसतं, कपाळावरून अंगठे फिरवतं, केस मागे सारतं. माझ्या मते अर्धा गुण बाटलीतला आणि अर्धा त्या हातांचा. काही बामांत गंधपुऱ्याचं तेल असतं, ते ॲस्पिरिनच्याच कुळातलं. म्हणून गरोदरपणात पाठीला, कमरेला, पायाला असा अंगभर थापू नये. कपाळाला बोटभर लावायला माझ्या मॅडमनी नाही म्हटलं नव्हतं. तुमच्या मॅडमना विचारून घ्या.

मग माझं बामाशी बिनसलं कुठे? वासाशी.

पहिल्या खेपेचा तिसरा महिना. सोलापूरचा एप्रिल, रात्री साडेअकरालाही भिंती तापलेल्या. सासूबाईंनी मायेनं बाम चोळला, अगदी भुवयांच्या कडेपर्यंत. पाचेक मिनिटं स्वर्ग. मग तो कापराचा वास नाकातून घशात उतरला आणि पोटात ढवळायला लागलं. उठले, मोरीत गेले, उलटी झाली. घामानं बाम ओघळून डोळ्यांत गेला. साबणानं कपाळ धुतलं, तर चेहरा आणखी चरचरला आणि वास तसाच. उशी पालटली, अभ्रा पालटला, बोटांना लिंबू चोळलं. पहाटेपर्यंत मी त्या वासाच्या आतच होते. सासूबाई बिचाऱ्या दाराशी उभ्या, हातात बाटली, "अजून थोडा लावू का गं?"

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली: बाम लावला की लावला. नको वाटला तर काढता येत नाही. एरवी हे मनातही आलं नसतं. पण त्या दिवसांत सकाळी आवडलेली कोथिंबीर संध्याकाळी नको होते, तिथे जे दोन मिनिटांत उचलून बाजूला ठेवता येत नाही त्याच्याशी माझं पटेना. दोष बामाचा नव्हता, नाकाचा होता. तुमचं नाक शांत असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

सुंठीचा लेपही त्यातच आला. सहाणेवर पाण्यात उगाळून सासूबाईंनी दोनदा लावला. वास चालला, पण वाळला की कपाळ ताणतं आणि झोपेत पापुद्रे उशीवर. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं.

गोळीबद्दल घराघरात दोन पक्ष असतात. एक म्हणतो, "पोटात बाळ असताना कसली गोळी, सोस जरा." दुसरा ड्रॉवर उघडून हाताला लागेल ती पट्टी पुढे करतो. मला दुसऱ्या पक्षाची जास्त भीती वाटते. डोकेदुखीची गोळी म्हणून घरात जे पडलेलं असतं त्यातलं बरंचसं गरोदरपणात स्वतःच्या मनानं घ्यायचं नसतं. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉलबरोबर आणखी एक वेदनाशामक आणि कॅफिन. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळा, त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला होता. अर्धशिशीच्या काही जुन्या गोळ्यांत अर्गोटामिन असतं, ते तर गरोदरपणात चालतच नाही. (मॅडमनी कमी ताकदीची ॲस्पिरिन मुद्दाम लिहून दिली असेल तर ती मात्र माझं वाचून बंद करू नका. ती डोकेदुखीसाठी नसते.)

राहिली साधी पॅरासिटामॉल. डॉक्टर आधी तीच देतात, आणि गरजेला ती घ्यावी असंच माझंही मत. माझ्या मॅडमनी ५०० ची सांगितली होती, लागलीच तर सहा तासांनी दुसरी, आणि "सारखी लागायला लागली तर फोन कर." दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात असताना, सप्टेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या गोळीचा स्वमग्नतेशी संबंध जोडला आणि आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच फिरत राहिलं. मी मॅडमना विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेनं असा ठाम पुरावा नसल्याचं लगेच सांगितलं होतं, आणि स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी पाहून २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर संबंध दिसला नव्हता. माझं समाधान झालं. ननंदेचं झालं नाही, ती अजून ग्रुपवर पाठवत असते.

गोळीची माझी अडचण वेगळीच होती. पहिल्या तीन महिन्यांत गोळी घ्यायची आणि दहाव्या मिनिटाला उलटी. आता ती पोटात गेली की मोरीत? पुन्हा घ्यायची तर दोन व्हायच्या, नाही घ्यावी तर डोकं ठणकतंय. एकदा तर उलटीत गोळी शोधत बसले होते. याहून जास्त सांगत नाही. आणि रोजची सवय लागली तर गोळीच डोकं दुखवते: महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर असं होऊ शकतं.

तर गार पट्टी. सोलापुरात राहून टॉवेलला काय तोटा. एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला टॉवेल कापून वीतभर रुंदीच्या चार पट्ट्या केल्या, कडा दुमडून शिवल्या. ओल्या करून, घट्ट पिळून, घड्या घालून स्टीलच्या चपट्या डब्यात आणि डबा फ्रिजमध्ये. फ्रीजरमध्ये नाही, तिथे त्यांचं लाकूड होतं. डोकं चढायला लागलं की एक पट्टी कपाळावर, एक मानेखाली, पंखा हळू, खिडकीला चादर. आधी तांब्याभर पाणी आणि खायला काहीतरी. माझ्यासाठी दोन खारका किंवा शिळ्या भाकरीचा तुकडा. वीस मिनिटांत पट्टी कोमट होते, ती काढायची आणि डब्यातली दुसरी घ्यायची.

हिच्यातही खोट आहे. पिळायला कसूर झाली की पाणी कानात जातं. पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी पट्टी बदलायला हवं आणि रात्री दोनला ते कुणीतरी आपणच असतो. थंडीच्या दिवसांत मानेखाली नको वाटते. मेडिकलमध्ये मिळतो तो जेलचा पॅकही आणून पाहिला, गारवा जास्त टिकतो, पण कूस बदलली की घसरून खाली. आणि खरी अर्धशिशी उठली की पट्टी एकटी पुरत नाही. तेव्हा मी पट्टी ठेवून वर गोळी घेतली आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पण नको झाली की हात वर करून बाजूला ठेवता येते. मागे वास नाही, चरचर नाही, पोटात गेली की नाही हा घोळ नाही. दुसऱ्या खेपेला बामाची बाटली मी उघडलीसुद्धा नाही.

हे सगळं नेहमीच्या डोकेदुखीचं झालं. एक डोकेदुखी वेगळी असते, आणि तिथे तुलना करत बसायचं नाही.

दुसऱ्या खेपेच्याच आठव्या महिन्यात एका दुपारी डोकं धरलं. पट्टी ठेवली, बदलली, पुन्हा बदलली. माझं नेहमीचं दुखणं अर्ध्या तासात पट्टीचं ऐकायचं, हे ऐकेना. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे मध्येच चमकल्यासारखे दिसायला लागले आणि सकाळपासून अंगठी निघत नाही हे तेव्हा लक्षात आलं. नवऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यात बीपी १५० वर १०० निघालं, लघवी तपासली आणि ठेवूनच घेतलं. बाळ थोडं लवकर आलं, आता सगळं घर रांगून घाण करतंय. विसाव्या आठवड्यानंतर नव्यानं जोराचं डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा अंधारी आली, उजव्या बरगडीखाली दुखलं, चेहरा-हात अचानक सुजले, किंवा बीपी १४० वर ९० किंवा त्याच्या वर गेलं, तर बाम, गोळी, पट्टी सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन. अशा वेळी गोळीनं उतार पडला म्हणून घरी थांबू नका, गोळी बीपी खाली आणत नाही. तपासणी चुकत असेल तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे बीपी मोजून कार्डावर लिहून घ्या. आशाताईंना विचारलंत तर त्या सोबतही येतात.

जावेला मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "तुझं तू बघ, पण मला विचारशील तर पट्टी." आणि न राहवून दुसऱ्या दिवशी चार पट्ट्या शिवून डब्यासकट तिच्याकडे पोचवल्या. काल गेले होते. डबा फ्रिजमध्येच होता, आत निवडलेली मेथी. जाऊबाई कपाळाला बाम थापून गाढ झोपल्या होत्या.