बुलेटच्या बेंड पाइपवर बेसाल्टची पट्टी : वापरानंतरचा अभिप्राय

मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानांत इंजिनाचा तप्त धूर बाहेर नेणाऱ्या बेंड पाइपाची झळ रोखायला त्यावर गुंडाळण्यासाठी ‘टायटॅनियम रॅप’ या नावाने जी सोनेरी-तपकिरी विणलेली पट्टी मिळते, तिच्यात टायटॅनियम धातूचा धागा नसतो. ती बहुधा बेसाल्टच्या, म्हणजे ज्या काळ्या कातळात वेरूळची लेणी कोरली गेली त्याच जातीच्या ज्वालामुखी खडकाच्या, तंतूंपासून विणलेली असते. मी घेतलेल्या गुंडाळीच्या खोक्यावरही टायटॅनियम हा शब्द ठळक अक्षरांत होता आणि खडकाचा उल्लेख मागच्या बाजूला एका बारीक ओळीत उरकलेला होता. माल चांगला असताना हे सोंग कशासाठी, असा प्रश्न पडतो.

कारण मूळ वस्तू खरोखरच कौतुकास्पद आहे. काचतंतू तयार करायचा तर वाळू, चुनखडी आणि इतर खनिजांचे मिश्रण मोजूनमापून करावे लागते. इथे मात्र योग्य घटकांचा खडक निवडून, फोडून, धुऊन सुमारे १४५० अंश सेल्सिअसला वितळवतात आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम या मिश्रधातूच्या भांड्याच्या तळातील बारीक छिद्रांतून तो रस वेगाने खाली ओढतात, की साधारण ९ ते १७ मायक्रॉन जाडीचे अखंड तंतू मिळतात. पॉल धे यांना या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९२३ मध्येच मिळाले होते, पण तिच्यावर खरे काम झाले ते पुढे सोव्हिएत संघात, आणि तेही बराच काळ लष्करी गुप्ततेच्या पडद्याआड. पट्टीचा तपकिरी रंग खडकातल्या लोहाचा आहे, वरून दिलेला नाही.

माझी पट्टी दोन इंच रुंद, बाजेच्या नवारीसारखी घट्ट विणीची होती. कापलेल्या टोकाचे धागे मात्र लगेच सुटू लागतात, त्यामुळे ते टोक आत दुमडून स्टीलच्या पट्टीने आवळावे लागते. गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा इंच तरी चढला पाहिजे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तो हटकून सरकतो आणि पाइप उघडा पडतो, म्हणून तिथे ताण सैल न सोडता जास्त चढ द्यावा. पट्टी किंचित ओली केली तर कुसळे कमी उडतात. तरीही हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क हवाच, कारण कातडीला खाज सुटते. ॲस्बेस्टॉसची धास्ती घेणाऱ्यांसाठी एवढे सांगता येईल की हे तंतू त्याच्या स्फटिकांसारखे उभे चिरत जाऊन अतिसूक्ष्म होत नाहीत आणि त्यांची जाडी फुप्फुसात खोलवर शिरण्याजोगी नसते.

पहिल्यांदा इंजिन तापल्यावर धूर आला, तो विणण्यापूर्वी धाग्यांना दिलेला लेप जळाल्याचा. थोड्या वेळाने तो थांबला. उपयोग म्हणाल, तर गर्दीत पायाला लागणारी झळ स्पष्टपणे कमी झाली आणि मागे बसणाऱ्याची तक्रारही मिटली. खोक्यावर छापलेल्या ‘वाढीव ताकदी’चा मात्र मागमूसही लागला नाही. १००० अंश सोसण्याचा दावाही जपून वाचावा : त्या तापमानाला बेसाल्ट वितळत नसला तरी तंतूंचा चिवटपणा त्याच्या बराच आधी ओसरतो. सतत वापरासाठी ६५० अंशांच्या आसपासची मर्यादा धरणे शहाणपणाचे. साध्या चालवण्यात एवढे पुरते.

माझा खरा आक्षेप पावसाळ्याविषयी आहे, आणि त्याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नाही. खडकाचा तंतू स्वतः कुजत नाही की गंजत नाही, पण विणीत शिरलेले पाणी आणि रस्त्यावरचा चिखल पाइपाला चिकटून राहतो, आणि रोज तापणे, भिजणे, निवणे या फेऱ्यात साध्या पोलादाचा पाइप आतल्या आत गंजतो; वरून काहीच दिसत नाही. कोकणपट्टीत किंवा मुंबईत बारमाही गाडी चालवणाऱ्याने स्टेनलेस स्टीलचा पाइप असेल तरच ही पट्टी लावावी. क्रोमचा मुलामा दिलेल्या मूळ पाइपावर लावायचीच असेल, तर मे महिन्याच्या अखेरीस काढून टाकावी.

काढलेली पट्टी दिवाळीत पुन्हा लावता येईल, या भरवशावर मात्र राहू नये. तापून कडक झालेली वीण उलगडताना वळणांवर तुटते, तिचा भुगा अंगावर पडतो आणि दुसऱ्यांदा ती पाइपावर नीट बसत नाही. साध्या काचतंतूच्या पट्टीपेक्षा ही महाग पडते, तेव्हा साध्या पाइपाच्या मालकाने दरवर्षी नव्या गुंडाळीचा खर्च धरूनच किमतीचा हिशेब करावा.