ट्यूबवरचा ५० आणि चेहऱ्यावरचा ५०: एका सनस्क्रीनबद्दल, तीन ट्यूब संपल्यावर

एकाच सनस्क्रीनच्या तीन ट्यूब ओळीने वापरून संपवल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. पहिली ट्यूब अकरा आठवडे पुरली, दुसरी अडतीस दिवसांत संपली आणि तिसरी तर महिना भरण्याआधीच चपटी झाली. मधल्या काळात उत्पादन बदलले नव्हते. बदलली होती ती माझी लावण्याची पद्धत, आणि ती का बदलली हे सांगितल्याशिवाय या सनस्क्रीनबद्दल बरे-वाईट काहीच नीट सांगता येणार नाही.

ट्यूब ५० ग्रॅमची आहे आणि आतला माल जेल-क्रीम प्रकारातला. पुढच्या बाजूवर एसपीएफ ५० आणि पीए++++ ही अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाची दोन मापे ठळक छापलेली आहेत, तर मागच्या बाजूवर घटकांची यादी आहे, जी मला भिंग घेऊनच वाचावी लागली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीच्या ट्यूब आज कितीतरी नावांनी विकल्या जातात आणि पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

आधी गुण. बोटावर घेतल्यावर हे क्रीम पांढरट दिसते, पण गालावर दोन-तीनदा फिरवताच पाण्यासारखे पातळ होते आणि मिनिटभरात मुरते. चेहरा तेलकट चमकत नाही आणि राख फासल्यासारखी पांढरी झाकही मागे राहत नाही. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर सनस्क्रीन न लावण्याचे सर्वांत प्रामाणिक कारण ही झाकच असते. ती नसणे म्हणजे अर्धी लढाई जिंकणे आहे. झाक नसण्याचे कारण घटकांच्या यादीत सापडते: यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी खनिजे नसून ॲव्होबेन्झोन आणि ऑक्टोक्रायलीन हे सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांचे, किरण-गाळक आहेत. (जाता जाता एक गैरसमज दूर केलेला बरा. खनिज सनस्क्रीन किरणांना आरशासारखे परतवते आणि हे दुसरे तेवढे शोषून घेते, असे विक्रेते हमखास सांगतात. प्रत्यक्षात झिंक आणि टायटॅनियमही अतिनील किरणे मुख्यतः शोषूनच घेतात. परतवण्याचा वाटा अगदी थोडा असतो.)

या हलकेपणाची किंमतही मोजावी लागते. यादीत पाण्याच्या पाठोपाठ अल्कोहोलचे नाव येते, आणि घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याची रीत असल्यामुळे ते नाममात्र नाही हे उघड आहे. त्यामुळेच क्रीम चटकन सुकते, आणि त्यामुळेच घाम आला की डोळ्यांत चांगलेच झोंबते. कोरड्या त्वचेच्या व्यक्तीने ते नुसते लावले तर दुपारपर्यंत गाल ताणल्यासारखे वाटतील. सुगंध आहे, पण तो पाच मिनिटांत विरतो.

आता मुख्य मुद्दा. एसपीएफचा आकडा ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात सनस्क्रीन लावतात आणि त्वचा लाल व्हायला किती किरणे लागतात ते मोजतात. ट्यूबवरचा ५० हा त्या जाडीच्या थराचा ५० असतो. चेहरा आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरले, तर एका वेळेला सुमारे १.२ ग्रॅम क्रीम लागते. पहिली ट्यूब संपल्यावर मी हा हिशेब मांडला: ५० ग्रॅम अकरा आठवडे पुरले, म्हणजे दिवसाला साधारण ०.६५ ग्रॅम. अकरा आठवडे मी जेमतेम निम्मा थर लावत होते, आणि थर निम्मा झाला की संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. ५० चे पैसे मोजून मी रोज पंचविशीच्या आसपासचे काहीतरी लावून हिंडत होते.

तर्जनी आणि मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढावी आणि तेवढे चेहऱ्याला व मानेला लावावे, हा दोन बोटांचा नियम पुष्कळ जणांना ठाऊक आहे. दुसऱ्या ट्यूबपासून मीही तो पाळायचे ठरवले, पण आधी दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर दोन रेघांचे वजन करून पाहिले. ते भरले ०.८ ग्रॅम. या ट्यूबचे तोंड इतके अरुंद आहे की रेघ सुतासारखी बारीक येते. घरातल्या दुसऱ्या, रुंद तोंडाच्या ट्यूबमधून ओढलेल्या दोन रेघा सहज १.३ ग्रॅमच्या भरल्या. तेव्हा बोटे मोजण्याआधी ट्यूबचे तोंड पाहावे लागते, आणि या ट्यूबला दोन नव्हे, तीन रेघा लागतात. तीन रेघांचे क्रीम एकदम चेहऱ्यावर थापले तर ते मुरता मुरत नाही. निम्मे लावून, दोन-तीन मिनिटे थांबून उरलेले निम्मे लावले की नीट बसते. कान आणि कानामागची जागा मी पहिल्या ट्यूबच्या काळात पूर्णपणे विसरले होते, हेही कबूल करायला हवे.

उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी थर पुन्हा द्यावा, असे ट्यूबवरच लिहिलेले आहे. हा सल्ला पाळला तर ५० ग्रॅमची ट्यूब किती दिवस पुरेल, हे मात्र लिहिलेले नाही, आणि ते का नाही हे समजायला फार बुद्धी लागत नाही. दिवसातून एकदाच पूर्ण थर लावला तर चाळीसेक दिवस, दोनदा लावला तर वीस. तिसरी ट्यूब महिन्याच्या आत संपली, कारण त्या काळात आठवड्यातले तीन-चार दिवस मी बाहेर होते आणि दुपारी पुन्हा थर देत होते. म्हणून सनस्क्रीनच्या ५० ग्रॅमच्या ट्यूबवरची किंमत ही ट्यूबची किंमत म्हणून न वाचता तिला चाळिसाने भागून एका दिवसाची किंमत काढावी. त्या भागाकारानंतर दुकानात स्वस्त वाटलेले उत्पादन महाग ठरू शकते, आणि भल्या मोठ्या पंपाच्या बाटलीतले, दिसायला साधेसे सनस्क्रीन परवडणारे निघू शकते.

एसपीएफच्या आकड्यामागे मात्र फार धावू नये. पूर्ण थर असेल तर एसपीएफ ३० मधून त्वचा लाल करणाऱ्या किरणांचा तिसावा भाग आत येतो आणि ५० मधून पन्नासावा. म्हणजे अडवणूक सुमारे ९७ टक्के आणि ९८ टक्के. हा फरक खरा असला, तरी अर्धवट लावलेल्या ५० पेक्षा भरपूर लावलेले ३० सरस. चेहऱ्यावर काळे डाग पडण्याचा त्रास असणाऱ्यांनी पीएपुढची अधिकचिन्हे अधिक लक्ष देऊन पाहावीत. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल, म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या अतिनील किरणांबद्दल बोलतो. ३२० ते ४०० नॅनोमीटरची यूव्हीए किरणे त्वचेत जास्त खोल उतरतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. पीए ही यूव्हीए संरक्षण दाखवणारी जपानची पद्धत १९९६ साली सुरू झाली आणि चौथे चिन्ह तिच्यात २०१३ साली आले. युरोपात विकल्या जाणाऱ्या ट्यूबवर त्याऐवजी वर्तुळातली यूव्हीए ही अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. या ट्यूबवर दोन्ही खुणा आहेत, ही तिची जमेची बाजू.

डागांच्याच संदर्भात एक उणीव सांगायला हवी. हे डाग गडद होण्यात दृश्य प्रकाशाचाही वाटा असतो, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेले, रंगाची छटा असणारे सनस्क्रीन लागते. हे सनस्क्रीन बिनरंगी आहे, त्यामुळे त्या कामापुरते ते अपुरे पडते.

मेकअपशी या क्रीमचे फारसे पटत नाही. सिलिकोन असलेल्या मॉइश्चरायझरवर ते लगेच लावले, की खोडरबर घासल्यावर कागदावर राहतात तशा बारीक वळकट्या हनुवटीवर आणि भुवयांपाशी जमू लागतात. मॉइश्चरायझर पूर्ण सुकू दिले, सनस्क्रीन चोळण्याऐवजी थापून बसवले आणि त्यावर दहा मिनिटांनी फाउंडेशन लावले, तर हा प्रकार बराच कमी होतो; पण सकाळच्या घाईत एवढी मिनिटे कोणाकडे असतात? मी शेवटी मॉइश्चरायझरच बंद केले. ज्या फाउंडेशनवर एसपीएफ १५ लिहिलेले असते त्याच्या भरवशावर सनस्क्रीन टाळण्याचा मोह मलाही झाला आहे, पण तो १५ मिळवायलाही १.२ ग्रॅम फाउंडेशन चेहऱ्यावर चढवावे लागेल, आणि तसा मेकअप रंगमंचावरच शोभतो.

या ट्यूबशी माझे खरे वाजले ते कपड्यांवरून. दुसरी ट्यूब निम्मी झाली असताना माझ्या एका पांढऱ्या शर्टाच्या कॉलरच्या आतल्या कडेवर गंजासारखा नारिंगी-पिवळा पट्टा दिसू लागला. घामाचा मळ समजून मी तो क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजवला, आणि तो फिका होण्याऐवजी आणखी गडद होऊन बाहेर आला. दोष ॲव्होबेन्झोनचा होता. कपड्यात मुरलेल्या ॲव्होबेन्झोनची पाण्यात विरघळलेल्या लोहाशी गाठ पडली की असा गंजाच्या रंगाचा डाग तयार होतो, आणि ब्लीचने तो बिघडतोच. गंजाच्या डागावर चालणारा उपायच त्याला चालतो: मी सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात कॉलर भिजवली, दोन खेपांत डाग बराचसा गेला, उरलेला अजून आहे. आता ज्या दिवशी ते शर्ट घालायचे त्या दिवशी सनस्क्रीन सुकून दहा-पंधरा मिनिटे झाल्यावरच मी ते अंगात घालते, आणि कॉलरची कड धुण्याआधी भांडी घासायच्या द्रव साबणाने चोळते, म्हणजे क्रीमचा तेलकट अंश पाण्याच्या आधी निघून जातो.

कपड्यांवर डाग पडू शकतात ही सूचना कंपनीने दिलेलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. ती होती, पण ट्यूबवर नसून खोक्याच्या तळाशी होती, आणि खोके कोणीही पहिल्याच दिवशी टाकून देते. तिसऱ्या ट्यूबचे खोके जपून ठेवल्यावर ती मला सापडली. पुढच्या बाजूवर ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ आणि ‘रंध्रे न बुजवणारे’ या दोन दाव्यांना मात्र भरपूर जागा दिली आहे, ज्यांना सर्वत्र बंधनकारक असा कोणताही एक मापदंड नाही. पाण्यात टिकण्याबाबतचा दावा त्यामानाने सरळ आहे: ८० मिनिटे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ च्या नियमांत ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बाद करून ४० किंवा ८० मिनिटे एवढेच लिहायची मुभा दिली, तेव्हापासून निदान एवढा नेमकेपणा तरी वाचायला मिळू लागला. पोहून चेहरा टॉवेलने पुसला तर मात्र ८० मिनिटांची वाट न पाहता थर पुन्हा द्यावा लागतो.

वेष्टन ठीक आहे. टोपण घट्ट बसते, पिशवीत ट्यूब गळली नाही, उघड्या डबीच्या चित्रात, ट्यूब उघडल्यानंतरची, १२ महिन्यांची मुदत दिली आहे. नीट वापरणाऱ्याला तिचा उपयोग नाही, आणि उन्हात उभ्या गाडीत ट्यूब विसरणाऱ्याने तर त्या मुदतीवर मुळीच विसंबू नये.

चेहऱ्यासाठी चौथी ट्यूब मी हीच घेतली आहे, कारण रोज न कंटाळता तीन रेघा लावता येतील असे दुसरे सनस्क्रीन मला अजून मिळालेले नाही. डोळ्यांखाली आणि मानेला मात्र झिंक ऑक्साइडचे वेगळे क्रीम लावते. ते डोळ्यांत झोंबत नाही, त्याचा गंजासारखा डाग पडत नाही, आणि मानेवर त्याची थोडी पांढरी झाक राहिली तरी कॉलरखाली ती कोणाला दिसत नाही. कॉलरच्या शर्टांतही आता घट्ट विणीचे, गडद रंगाचे दोन घेतले आहेत. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचे यूपीएफ, म्हणजे कापडाचे संरक्षणमान, कोरडे असताना जेमतेम ५ ते ७ भरते आणि भिजल्यावर आणखी घसरते. घट्ट विणीच्या गडद कापडाचे त्याच्या कितीतरी पट असते, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. डाग उरलेले पांढरे शर्ट सध्या घरात घालते.